पत्र्याची शाळा

चिटणिसांना कानगोष्ट करता येत नसे. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ते कुणाच्या कानाला लागले, की अमक्याच्या बायकोला दिवस गेलेत हे खालच्या पानवाल्याला कळायचं. त्यांचा सारा जन्म साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या खात्यात गेला होता. शेकडो माग एकदम खडखडत असतात तिथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. विणकर एकमेकांचे ओठ वाचतात, बोटांनी खुणा करतात आणि पाळी संपवून बाहेर पडले की साऱ्या जगाशी ओरडून बोलतात. चिटणिसांचे कान तर पार कामातून गेले होते. "माका सगळा ऐकाक येता!" असं ते ठणकावून सांगायचे, आणि सांगताना डोळे समोरच्याच्या ओठांवर. पाठमोरे उभे असले की शंख फुंकला तरी वळायचे नाहीत.

त्यांचं खरं नाव मंडळाच्या पावतीवर तेवढं असायचं. आमचं गाव तळकोकणात, बंदरापासून बरंच आत. गावातले अर्धेअधिक बाप्ये मुंबईत गिरण्यांमधून, आणि त्यांची बायकापोरं गावी. लालबागला गावाची म्हणून एक खोली होती. पाळ्यापाळ्यांनी माणसं तिथे झोपायची. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. त्या खोलीतच गावाचं मंडळ भरायचं. देवळाची घंटा, विहिरीचा रहाट, भजनाची तबलापेटी, जे काही गावात नवं दिसेल ते मंडळाने धाडलेलं. आणि मंडळ म्हणजे चिटणीस. त्यांना लिहिता येत होतं ते सहीपुरतं. लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी गावातला पहिला मॅट्रिक आणि त्यांच्याच गिरणीत टाइमकीपरच्या कचेरीत कारकून. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला मुळीच हौस नव्हती. पण चिटणीस उंबऱ्यात येऊन "बाबू, कागद घे रे!" म्हणून गरजले, की नाही म्हणायची सोय नसायची. नाही म्हणताना मान खाली घातली तर ते त्यांना ऐकूच जात नसे.

माणूस कायम दमलेला. पाळीवरून यायचे, शर्टाच्या शिलाईत सुताचे तंतू अडकलेले, तसेच कोपऱ्यावरच्या खाणावळीत चार घास गिळायचे आणि मंडळाच्या कामाला निघायचे. कधी परळला कुणाला गाठायचं, कधी गिरगावात गाववाल्या डॉक्टरच्या दारात जाऊन बसायचं. बसल्या जागी डोळा लागायचा. मी म्हणायचो, "चिटणीस, जरा पडा की." त्यांचं उत्तर ठरलेलं. "दमलंय रे बाबू, पण बसाक येळ खंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आता या वयात मला स्वतःला दम लागला की तेच तोंडात येतं.

पण सगळ्या कामांत त्यांचा जीव एकाच कामात होता. गावाला शाळा नव्हती. पोरं पलीकडच्या गावच्या शाळेत जायची. मध्ये एक वहाळ, त्यावर लाकडी साकव. पावसात साकव पाण्याखाली जायचा आणि आमच्या पोरांची शाळा चार महिने बंद. मुलगे कसेबसे पुढे रेटले जायचे, मुलींना घरी बसवायचे. चिटणिसांची एकुलती एक लेक शेवंता तेव्हा दुसरीत होती. पहिलीत ती दोनदा बसलेली, साकवाच्या कृपेने. "माजा चेडू शिकला पायजे," एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या थोरल्या भावाच्या हातात गावचं घर होतं. तो विचारायचा, पोरीला शिकवून काय मामलेदारीण करायचीय? चिटणीस त्याच्याशी भांडत नसत. गावातच शाळा झाली तर भावाला बोलायला जागाच उरणार नाही, असा त्यांचा हिशेब. इमारत गावाने दिली तर मास्तर सरकार देणार होतं. जांभ्याच्या भिंती गावाने अंगमेहनतीने उभ्या केल्या. छप्पर मुंबईने द्यायचं ठरलं.

मंगलोरी कौलं मंडळाच्या ऐपतीबाहेरची. तेव्हाच गिरणीतलं जुनं कापसाचं गोदाम पाडत होते आणि त्याचे पत्रे आवारात पडले होते. ते मागायला चिटणीस मला घेऊन साचेखात्याच्या साहेबाकडे, विव्हिंग मास्तरकडे गेले. हा मास्तर गिरणीत उरलेला शेवटचा गोरा. मूळचा आयर्लंडचा. त्याला इंग्रज म्हटलेलं खपत नसे. चुकून कुणी म्हटलंच तर कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. त्याला मी सांगितलं, गावची शाळा आहे, छपराला पत्रे हवेत. तो आमच्याकडे बघतच राहिला. मग खुर्ची मागे सरकवून आपली गोष्ट सांगायला लागला. त्याच्या गावातली निम्मी माणसं अमेरिकेत, काही ऑस्ट्रेलियात आणि हा एकटा मुंबईत. सगळे आपापल्या परीने गावाला काही ना काही पाठवतात. याने देवळासाठी, म्हणजे त्यांच्या चर्चसाठी, इथून एक भलंमोठं घड्याळ पाठवलं. गाववाल्यांनी ते बंद करून ठेवलं. का, तर म्हणे त्याच्या ठोक्यांनी कोंबड्या अंडी घालत नाहीत.

"और फिर भी भेजता है, साब?" मी विचारलं.

"भेजता. हर साल." तो हसला. "नहीं भेजा, तो हम किदर का आदमी?"

चिटणिसांना त्याच्या मिशांमुळे ओठ नीट दिसत नव्हते. मी ते वाक्य मराठीत सांगितलं, तर त्यांनी टेबलावरून हात पुढे करून साहेबाचा हात धरला. गिरणीत हे असलं कुणी करत नाही. साहेबाने हात सोडवून घेतला नाही. पत्रे देऊन टाकले. निघताना मात्र त्याने मला थांबवलं आणि म्हणाला, हमारा गाँव में भी बहुत बारिश. पत्रा बहुत आवाज करेगा, मास्टर का बात बच्चा लोग कैसे सुनेगा?

मी ते चिटणिसांना सांगितलं. त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. "साहेबाक सांग, आवाजाक भिऊन कसा चालतला? आमी जलम थंयच काढलो!" रविवारी मंडळाच्या सभेत ही गोष्ट निघाली तेव्हा सगळी खोली हसली. खोलीतले बहुतेक साचेखात्यातले. आवाज ही काय अडचण असते, हेच कुणाला उमगेना. शिवाय पावसातलं गाव आमच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं. पावसात बोटी बंद, रजा नाही. चाकरमानी जायचा तो शिमग्याला नाहीतर मे महिन्यात. गावाला आम्ही ओळखत होतो ते कोरडं.

पत्रे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेले. बंदरातून पडावाने किनाऱ्याला आणि तिथून गड्यांच्या डोक्यावर. वाऱ्याने एकेक पत्रा असा फडफडायचा की माणूस चढावरून मागे ढकलला जायचा. चिटणिसांनी रजा काढली होती. ते पुढे-मागे धावत ओरडत होते, "जपान रे, जपान! पोचे येतीत!" जणू काचसामानच नेतायत. मे महिन्यात छप्पर चढलं. पत्र्यांना हिरवा रंग दिला. घाटीवरून येताना गावात पहिल्यांदा तीच हिरवाई चमकायची. गावच्या मानकऱ्याने नारळ फोडला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी पत्र्याला हात लावून नाकं मुरडली, पण धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो? शेवंता पहिल्या रांगेत बसली होती, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, नवी पाटी छातीशी. चिटणीस दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. मी त्यांना इतकं सुखी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

पाऊस संपून बोटी सुरू झाल्या तेव्हा दिवाळीत शाळेचे मास्तर खोलीवर आले. मी कचेरीतून परतलो तर चिटणीस आणि आणखी चौघे विणकर मास्तरांभोवती बसून गप्पा मारत होते. चहा झाला होता, पान झालं होतं. मी दारातच उभा राहिलो. मास्तर बोलत होते, पण आवाज येत नव्हता. त्यांचा गळा पार बसला होता, नुसते ओठ हलत होते. आणि या पाच जणांना त्याचा पत्ताच नव्हता! त्यांना सगळं व्यवस्थित कळत होतं. ते हूं हूं करत होते.

मी मास्तरांना विचारलं, गळ्याला काय झालं? त्यांनी खिशातून खडीसाखर काढली, तोंडात टाकली आणि फुसफुसत सांगितलं. पाऊस लागला की पत्र्याखाली काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात मी ओरडून शिकवलं, तेव्हा बसलेला गळा अजून सुटलेला नाही. दुसऱ्यात पोरांनी कानात बोटं घातली, धाकटी रडायला लागली. फळ्यावर लिहिलं, पण ते वाचायचं कसं हे कुठल्या तोंडाने सांगणार? मग पोरं येईनाशी झाली. मी बदली मागितलीय. तपासनीस साहेबांनी शेरा मारलाय, छप्पर बदलल्याशिवाय या गावाला दुसरा मास्तर नाही.

"पत्र्याचो आवाज?" चिटणीस म्हणाले. "पत्र्याचो?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते मला गिरणीच्या मागच्या आवारात घेऊन गेले. तिथे वरच्या टाकीतून जादा पाणी एका शेडच्या पत्र्यावर सांडायचं. त्यांनी पत्र्याला तळहात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. पण पत्रा त्यांच्या हाताखाली थरथरत होता. मग तो हात त्यांनी धोतराला पुसला. "गाढव मी," एवढंच बोलले. मी म्हटलं, "चिटणीस, आपण सगळेच." त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलंच नाही.

त्या दिवसापासून ते कौलांच्या मागे लागले. विडी सोडली, एक वेळचा चहा सोडला, दुपारच्या पाळीनंतर दुसऱ्याच्या बदलीत रात्रपाळीही घेऊ लागले. येत्या मे महिन्यात कौलं चढली तर शेवंताचं एकच वर्ष बुडणार होतं. परळ, लालबाग, प्रभादेवी, जिथे जिथे गावचा माणूस तिथे तिथे चिटणीस. माणसं त्यांना बघून जिना बदलायची. पण कौलांचं जमत आलं.

आणि तेव्हाच मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला नाही, असं दिल्लीने ठरवलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. मोर्चे, संचारबंदी, अश्रुधुराने चुरचुरणारे डोळे. लालबागेत गोळीबार झाला त्यात आमच्या शेजारच्या खोलीतला एक बदली कामगार गेला. साताऱ्याकडचा, घाटावरचा. त्याच्यामागे बायको आणि दोन लहान पोरं. तिला गावीही कुणी नव्हतं. दोन दिवस तिच्या खोलीतून चुलीचा धूर निघाला नाही.

चिटणिसांनी मंडळाची सभा बोलावली आणि कौलांसाठी जमवलेलं सगळं त्या बाईला द्यावं असं मांडलं. खोलीत एकच गिल्ला झाला. गावाचा पैसा घाट्याला कशाला? तो काय आपल्या गावासाठी मेला? तुझ्याच पोरीची शाळा बुडेल, तुला कळतंय का?

"माका कळता," चिटणीस म्हणाले. "माजीच बुडतली. पण मुंबय नाय ऱ्हवली, तर गावाक धाडतलास खंयसून?" आणि त्यांनी स्वतः पहिला हात वर केला. मग बाकीचे हळूहळू वर आले. माझाही आला, पण खरं सांगतो, मनातून मला त्यांचा राग आला होता. इतकंही चांगलं असू नये माणसाने, घरच्यांच्या जिवावर बेततं.

पुढली वर्षं संप, सभा आणि सत्याग्रह यांत गेली. घोषणा द्यायला चिटणिसांसारखा माणूस नव्हता. त्यांना भोंगा लागत नसे. सत्याग्रहात पकडले गेले आणि काही दिवस आत राहून आले. तिथे रात्री शेजाऱ्याशी हळूच बोलायला गेले आणि सगळी बराक उठवली, म्हणून शिक्षा झाली. हे ते स्वतःच हसून सांगायचे. कौलांचं जमवणं मात्र पुन्हा पहिल्यापासून. आता लोकांकडेच काही उरलं नव्हतं. शाळा पत्र्याखाली कुलूप लावून उभी होती आणि तिथे कुणीतरी गवत साठवायला लागलं होतं.

एका शिमग्याला गावाहून परत आले आणि ट्रंक ठेवून खाली बसले. मी विचारलं, काय विशेष? तर पहिल्यांदाच ते हळू बोलले, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "शेवंताचा लगीन ठरला." थोरल्या भावाने ठरवलं होतं. शाळा नाही, पोर घरात वाढतेय, किती दिवस ठेवणार? तिला पंधरावं लागलेलं. सासर डोंगरापलीकडे.

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागला कमानी लागल्या, गुढ्या उभारल्या, लेझीम निघाली. अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. त्याच दिवशी, मंडळाने पुन्हा पै पै जमवून धाडलेली कौलं शाळेवर चढल्याचा निरोप गावाहून आलेल्या माणसाने आणला. मी चिटणिसांना शोधत निघालो. ते चाळीच्या जिन्यात बसले होते. समोर जाऊन, ओठ नीट दिसतील असं मी त्यांना सांगितलं, "चिटणीस, तुमची दोन्ही कामं झाली!"

"झाली रे बाबू," ते म्हणाले. "मुंबय गावली. कौलां चढली. आता बसवू कोणाक?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. रस्त्यावरून लेझीम जात होती, तिच्या तालावर चाळीचा कठडा हलत होता आणि त्यांनी त्या कठड्यावर हात ठेवला होता.

नंतर लवकरच त्यांनी गिरणी सोडली. छातीत कापूस गेला होता, खोकला थांबत नव्हता. मंडळाने त्यांना शाल दिली, साहेब तर केव्हाच आपल्या देशी निघून गेला होता. धक्क्यावर पोचवायला मी एकटाच गेलो. त्यांनी मंडळाचा शिक्का माझ्या हातात ठेवला आणि बोटीत चढले. शिक्का नको होता मला. पण बोट सुटल्यावर कुणाला सांगणार?

काही वर्षांनी श्रावणात गावी जायचा योग आला. एसटी सुरू झाली होती, साकवाच्या जागी मोरी झाली होती. चिटणीस शाळेच्या पडवीत खांबाला टेकून बसलेले दिसले. रोज तिथेच असतात म्हणे. पाऊस चांगला लागला होता, पण कौलांखाली त्याची नुसती सरसर. आत मास्तर साध्या आवाजात बोलत होते आणि शब्द अन् शब्द बाहेर ऐकू येत होता. पडवीच्या दुसऱ्या टोकाला शेवंता बसली होती. माहेरपणाला आलेली, मांडीवर झोपलेलं मूल, हातात निवडायचे तांदूळ. तिने मान हलवून मला ओळख दाखवली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

आत पाढे सुरू झाले. चिटणिसांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग लेकीकडे बोट न दाखवता, नुसत्या डोळ्यांनी दाखवलं.

तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. आतली पोरं म्हणतील ते ती म्हणत होती.

"तिका वाटता, माका कळना नाय," चिटणीस म्हणाले. ते त्यांच्या मानाने हळूच बोलले होते, आणि पोरांच्या गलक्यात ते बुडून गेलं. "ओठ दिसतत माका. बारापर्यंत बरोबर जाता. तेराच्या पाढ्यार अडकता. तेरा साती म्हणता आणि गप. रोज थंयच."

मी म्हटलं, "मग सांगा की तिला."

"नको. मी बघतंय ह्या कळला, तर बंद करतली." मग माझ्याकडे वळले आणि माझ्या ओठांवर डोळे लावून विचारलं, "थंय काय येता रे, बाबू?"

"एक्याण्णव," मी नुसते ओठ हलवले.

त्यांनी मान डोलावली आणि परत लेकीकडे बघत बसले. आतली पोरं चौदाच्या पाढ्यावर गेली होती.